ऊन पाणी

नागपूरच्या माणसाला गरम पाण्याचं कौतुक सांगायला जाऊ नये. मे महिन्यात दुपारी तीनला आमच्याकडे कुठलाही नळ सोडा, गच्चीवरच्या सिंटेक्समधून जे पाणी येतं त्याने नुसते हात धुवायचे म्हटले तरी आधी दोन मग सांडून द्यावे लागतात, आणि आंघोळीची बादली रात्रीच भरून ठेवावी लागते, म्हणजे सकाळपर्यंत ती अंगावर घेण्यालायक होते. त्यामुळे डल्लासहून लेकीचा फोन आला की आई या वेळी तू आलीस की तुला हॉट स्प्रिंग्सला नेते, आख्खं नॅशनल पार्क आहे गरम पाण्याच्या झऱ्यांचं, तेव्हा मी तिला म्हटलं, बाई गं, ४५ डिग्रीतून सुटून मी तुझ्याकडे येऊन राहिली ती गरम पाणी पाहायला?

पण गेले. डल्लासपासून गाडीने पाच तासांच्या आतच आहे, आर्कान्सा राज्यात. नकाशावर अर्कान्सास दिसतं, म्हणायचं मात्र आर्कान्सा, शेवटचा स गिळायचा, जावईबापूंनी मला तीनदा सांगितलं. आणि तिथे जाऊन आल्यापासून माझ्या डोक्यात जे फिरतंय त्याचा अमेरिकेशी तसा निम्माच संबंध आहे. निम्मा आहे तो आमच्या मोठ्या आत्याशी आणि उनकेश्वरशी.

उनकेश्वर बऱ्याच नागपूरकरांना माहीत नसतं. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला दर वर्षी जाणारे लोकही तिकडे वळत नाहीत. नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठावर आहे, नदीच्या पलीकडे आपला यवतमाळ जिल्हा. महादेवाचं जुनं देऊळ आणि शेजारी गरम पाण्याची कुंडं. नावातच सगळं आहे खरं तर. ऊन म्हणजे आपण उन्हाळ्यातलं ऊन समजतो, पण आजी 'ऊन ऊन भात खाऊन घे' म्हणायची ना, तेच हे ऊन, मूळ शब्द उष्ण. उनकेश्वर, जळगावकडचं उनपदेव, कोकणातलं उन्हवरे, जिथे जिथे जमिनीतून असं पाणी येतं तिथे गावाने किंवा देवाने नावात ऊन घेऊन ठेवलेलं दिसतं. सगळीकडेच असं नाही म्हणा, वज्रेश्वरी आहे, गणेशपुरी आहे, तुरळ आहे, आणि आपल्या अमरावती जिल्ह्याच्या टोकाला मध्य प्रदेशाला चिकटून सालबर्डी आहे, जिथे महाशिवरात्रीला ही गर्दी असते. पण सगळ्यात झकास नाव छिंदवाड्याकडच्या झऱ्याचं. अनहोनी! म्हणजे जे घडणं शक्य नाही ते. तामिया-पचमढीला जाताना ही पाटी वाचून आमच्या गाडीतल्या एकाने हॉरर पिक्चरची गोष्ट सुरू केली होती.

तर आत्या. माझ्या वडिलांची सगळ्यात मोठी बहीण. साल ७८-७९ असेल, मी नऊ वर्षांची होते आणि आत्या पंचविशीत. तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांच्या रेषेत खपल्या यायच्या, चांदीच्या वर्खासारख्या, पडायच्या, पुन्हा यायच्या. आज आपण पटकन सोरायसिस म्हणतो, संसर्गजन्य नसतो हेही म्हणतो. तेव्हा महालातल्या आमच्या वाड्यात त्याला नाव नव्हतं, आणि नाव नसणं फार वाईट, कारण मग जो तो आपलं नाव देतो. मागच्या आळीतल्या बायकांनी दिलेलं नाव आजीने कधी तोंडाने उच्चारलं नाही, पण आम्हा पोरांना माहीत होतं. महारोग. त्या एका शब्दाने आत्याची दोन ठिकाणची बोलणी मोडली. आत्या भर मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घालायची. नागपूरच्या मे महिन्यात, कूलर नसलेल्या वाड्यात, मनगटापर्यंत बाह्या. हे मी आता लिहिताना मलाच उकडून राहिलं.

कुणीतरी आजीला सांगितलं की उनकेश्वरला न्या, सात दिवस आंघोळी घाला. तिथली गोष्टच तशी आहे. शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला होता, वनवासात राम तिथे आला, त्यांची अवस्था बघून त्याने जमिनीत बाण मारला आणि ऊन पाणी वर आलं, त्याने ऋषी बरे झाले. (रामायणात शरभंग ऋषी रामाचं दर्शन झाल्यावर अग्निप्रवेश करतात. तिथे रोगही नाही आणि झराही नाही. पण पैनगंगेच्या लोकांनी त्यांना आगीऐवजी पाण्यात बसवलं, आणि मला विचाराल तर ही गोष्ट जास्त चांगली आहे.)

डिसेंबर होता. गणेशपेठेहून एसटी, जाम, हिंगणघाट करत पांढरकवडा, तिथे गाडी बदलली, पुढे धूळ, सागवान आणि कापसाच्या बैलगाड्या. मला उलटी झाली ते आठवतं. पोचलो तेव्हा अंधार पडला होता, त्यामुळे कुंड पहिल्यांदा पाहिलं ते पहाटे, आणि ते दृश्य अजून जसंच्या तसं डोळ्यापुढे आहे. थंडीत पाण्यावरून वाफ वर चाललेली, दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांवर माणसं, वाफेत अर्धी दिसणारी अर्धी न दिसणारी. वास येत होता. लोक या वासाला सडक्या अंड्याची उपमा देतात, आमच्या आजीने जन्मात अंड्याला हात लावला नसल्यामुळे ती म्हणाली, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसा वास आहे. गंधकच तो.

बायकांच्या बाजूला एक म्हातारी बसली होती, तिच्या हाताची बोटं पेरापासून आखडलेली, दोन तर नव्हतीच. आजी थबकली. तिने आत्याचा हात धरून मागे ओढलं, म्हणजे बघा, जो शब्द लोकांनी तिच्या लेकीला चिकटवला होता तोच ती आता त्या म्हातारीला चिकटवत होती. म्हातारीला ते कळलं, सवयीचंच असेल तिच्या. ती जरा बाजूला सरकली आणि आत्याला म्हणाली, "ये व पोरी, बस. पानी चांगलं हाये."

आत्या बसली. थोडा वेळ नुसते पाय सोडून. मग तिने एकेक हुक काढून दोन्ही बाह्या कोपराच्या वर गुंडाळल्या. मी तोपर्यंत तिचे कोपर दिवसाउजेडी पाहिलेच नव्हते, एका घरात राहून. कोणी वळून बघितलं नाही, कारण तिथे प्रत्येकाचंच काही ना काही उघडं होतं, कोणाची मांडी, कोणाची पाठ, एका लहान पोराचं खरजेने भरलेलं डोकं.

सात दिवसांत खपल्या मऊ पडून बऱ्याच गेल्या आणि नागपूरला आल्यावर महिन्याभरात परत आल्या. हे सांगून टाकते, कारण गरम पाण्याच्या झऱ्यावर लिहिणारे लोक इथेच हमखास चमत्कार घालतात. गंधकाच्या कोमट पाण्यात तास-तास बसलं तर खपली मऊ होणारच, सुटणारच, त्वचेला आराम पडणारच. रोग जात नाही.

आता पाणी गरम कशाने होतं याबद्दल. मी लहानपणी समजत होते की खाली ज्वालामुखी असेल. आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली, तो केव्हाच गार झालाय. खरी गोष्ट साधी आहे. जमिनीत जसजसं खोल जावं तसतसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. माझे मामा सावनेरकडच्या कोळसा खाणीत होते, ते म्हणायचे की खाली उतरलं की जानेवारीतही बनियन ओला होते, आणि त्या खाणी काही फार खोल नाहीत, कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली होती तिथला खडक तर हाताला चटका देणारा. पावसाचं पाणी भेगांतून मुरत मुरत तेवढं खाली गेलं की तापतं, आणि एखादा मोठा तडा सापडला की परत वर येतं, निवायच्या आत. बस एवढंच. तडा सोयीचा हवा.

आर्कान्सातही तेच, ज्वालामुखी नाही. पण तिथल्या शास्त्रज्ञांनी कार्बन डेटिंग करून त्या पाण्याचं वय काढलंय आणि तो आकडा मी तिथल्या पाटीवर वाचून पुन्हा वाचला. सुमारे ४,४०० वर्षं. आज नळाला येणारं पाणी पावसाच्या रूपात पडलं तेव्हा मोहेंजोदडोचं महास्नानगृह वापरात असेल! दीड-दोन किलोमीटर खाली उतरायलाच त्याला इतकी वर्षं लागली, वर येतं ते मात्र त्या मानाने झटपट. ४७ झरे आहेत, पाणी ६२ अंशांच्या आसपास, म्हणजे आमच्या सिंटेक्सला त्याने आरामात हरवलं, आणि रोज सगळे मिळून साधारण २६ लाख लिटर. डोंगराचा खडकही वेगळाच आहे, नोव्हाक्युलाइट म्हणतात, तिथले मूळ रहिवासी त्याची हत्यारं करायचे आणि आजही चाकूला धार लावायला त्याचे दगड विकतात. जावईबापूंनी एक घेतला. विळीला चालत नाही, मी करून पाहिलं.

झरे मात्र दिसत नाहीत! ही माझी पहिली निराशा. मला वाटलं कुंड असेल, वाफ असेल, पायऱ्या असतील. तिथे डोंगराच्या उतारावर हिरव्या रंगाच्या पेट्या आहेत, झाकणबंद, आपल्याकडे पाण्याच्या मीटरला असतात तशाच पण मोठ्या. पाणी घाण होऊ नये म्हणून शंभरेक वर्षांपूर्वीच झाकून टाकलं आणि पाइपाने एकत्र केलं. एक-दोन उघडे ठेवलेत लोकांना बघायला. मी त्यातल्या एकात बोट बुडवलं, भाजलं, लेक ओरडली.

सरकारने ही जागा १८३२ साली राखून ठेवली. तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं, आणि ज्याला पहिलं नॅशनल पार्क म्हणतात ते यलोस्टोन अजून ४० वर्षं लांब होतं. राखली कशासाठी तर झाडांसाठी नाही, हरणांसाठी नाही, आजारी माणसांना हे पाणी मिळत राहावं आणि कोणी एकाने त्यावर कब्जा करू नये म्हणून. १९२१ मध्ये तिला नॅशनल पार्क म्हणायला लागले. मला हे फार आवडलं, की आपल्याकडे जे काम देवाच्या नावावर होतं ते तिथे कायद्याच्या नावावर केलं. कब्जा करणारे अर्थात दोन्हीकडे येतातच. तिथेही आधी झोपड्या, मग लाकडी स्नानगृहं, मग एका रांगेत संगमरवराचे महाल उभे राहिले, आणि डॉक्टर लिहून द्यायचे, एकवीस आंघोळी. आमच्या सात आणि त्यांच्या एकवीस. बेसबॉलचे संघ यायचे, अल कपोनसारखे गुंड यायचे, नाचगाणं, जुगार सगळं. ते सगळे किस्से तिथे टी-शर्टवर छापून विकतात, म्हणून मी ते इथे सोडून देते.

त्यातला सगळ्यात देखणा महाल फोर्डाइस, १९१५ साली उघडला, १९६२ ला बंद पडला, आता म्युझियम आहे. पुरुषांच्या स्नानाच्या हॉलचं छत रंगीत काचेचं, त्यात जलपऱ्या. व्यायामशाळा आहे, विजेच्या उपचारांची भयंकर दिसणारी यंत्रं आहेत. मी बघत बघत एका बारक्या खोलीशी आले. तिथे पारा चोळायचे. पारा! सिफिलिस झालेल्या माणसाच्या अंगाला पाऱ्याचं मलम चोळायचं आणि मग गरम पाण्यात, वाफेत बसवून घाम काढायचा, हा तेव्हाचा उपचार. एवढ्या श्रीमंत इमारतीत, जलपऱ्यांच्या छताखाली, ही एक खोली.

तिथे उभी असताना मला आत्याच्या बाह्या आठवल्या. म्हणजे हे सगळे श्रीमंत लोक रेल्वेने हजार मैल येत होते त्यातले कितीतरी जण असे रोग घेऊन येत होते जे आपल्या गावात सांगता येत नव्हते. गावात सांगायचं, संधिवात आहे, हवापालटाला चाललो. आणि इथे कोणी विचारत नव्हतं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी सरकारने फुकटचं स्नानगृह ठेवलं होतं, १९२०च्या दशकात त्याच्यातच गुप्तरोगांचा दवाखानाही चालायचा. गुप्तरोग हा आपला शब्द किती नेमका आहे बघा.

उनकेश्वरच्या पायऱ्यांवर मी जे पाहिलं ते हेच होतं असं मला आता वाटतं. झऱ्याची खरी ओढ पाण्याच्या गुणात निम्मीच असेल, निम्मी ही की तिथे तुमच्यासारखीच आणखी माणसं उघडी बसलेली असतात. विदर्भात तर हे जास्तच कळायला हवं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करायचे, १९४९ ला वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. तिथे तर झराही नव्हता, खडकाळ माळ होता, विहीरसुद्धा खणावी लागली.

पण हॉट स्प्रिंग्सच्या त्या काचेच्या छताखाली सगळेच बसू शकत होते असं समजू नका. त्या रांगेतल्या स्नानगृहांत अंग घासून देणारे, टबमध्ये धरून बसवणारे, चादरीत गुंडाळणारे कामगार बहुतेक काळे होते, आणि त्याच टबमध्ये त्यांना स्वतःला आंघोळ करायची परवानगी नव्हती. गिऱ्हाइकाच्या सिफिलिसच्या अंगाला त्यांचा हात चालत होता, रंग चालत नव्हता. त्यांनी गावात वेगळी स्नानगृहं काढली, १९१४ मध्ये पिथियन नावाचं एक उघडलं, पाणी तेच, त्याच डोंगरातलं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने शेवटी तो भेद गेला, तोवर आंघोळीला येणारेच आटले होते. हे वाचून लेक म्हणाली, किती भयानक ना. मी गप्प राहिले, कारण आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास तिला मी काय सांगणार होते, तो तिलाही माहीतच आहे, महाडचं तळं तर शाळेच्या पुस्तकात होतं.

आटले ते औषधामुळे. १९४३ मध्ये पेनिसिलीनने सिफिलिस बरा होतो हे कळलं आणि पाऱ्याची खोली रिकामी झाली. आपल्याकडे ८०च्या दशकात कुष्ठरोगाची नवी औषधं आली, सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा होता. चांगलंच झालं, त्यात रडण्यासारखं काही नाही, त्या म्हातारीला ती गोळी दहा-पंधरा वर्षं आधी मिळाली असती तर तिची बोटं राहिली असती. झरे मात्र मग सहलीचे झाले.

त्या रांगेतलं एक स्नानगृह, बकस्टाफ, १९१२ पासून आजपर्यंत अखंड चालू आहे आणि लेकीने माझं नाव तिथे लिहून टाकलं होतं मला न विचारता. बायकांचा मजला वेगळा. कपडे काढा, चादर गुंडाळा. मी म्हटलं, सगळे? ती बाई म्हणाली, सगळे हनी. साधारण माझ्याच वयाची, काळी, भक्कम, हाताला धरून मला टबमध्ये उतरवलं. जुना चिनीमातीचा भलामोठा टब, पाणी सोसेल इतकंच गरम केलेलं, म्हणजे खरं तर गार केलेलं. लूफाने तिने माझे हात, पाठ, पाय घासून दिले, जसं दिवाळीत आई घासायची. माझ्या पोटावर ऑपरेशनचा जाड व्रण आहे, पायांवर शिरा आहेत, त्या मी साडीत चाळीस वर्षं नीट ठेवल्यात. तिने त्यावरूनही तसाच हात फिरवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मग वाफेच्या पेटीत, मग गरम टॉवेल, मग चहूबाजूंनी सुया टोचल्यासारखा शॉवर. बाहेर आले तेव्हा पाय कापसाचे झाले होते.

रस्त्यावर नळ आहेत, त्याच झऱ्यांचे, कोणीही भरून न्या. लोक गाडीच्या डिकीत वीस-वीस कॅन घेऊन येतात. फुकट म्हटल्यावर मीही दोन बाटल्या भरल्या. वास नाही, चव नाही, नुसतं गरम पाणी.

रात्री आत्याला व्हिडिओ कॉल लावला. ती बाहत्तर वर्षांची आहे, महालातच भावाकडे असते, लग्न केलं नाही, तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि अर्ध्या बाह्यांचे ब्लाऊज घालून शिकवलं. तिला मी बाटली दाखवली.

"गंधकाचा वास येतो का?"

"नाही आत्या, अजिबात नाही."

"मग कायचं औषध ते," आत्या म्हणाली. मागे कूलरचा आवाज येत होता, ती जरा मोबाईलजवळ आली. "आणि त्या बाईसमोर सगळे कपडे काढले तू? लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पहिली पाच मिनिटं."

"तेवढीच वाटते," आत्या म्हणाली. "बरं, तिकडे आंबे मिळून राहिले का?"